मुहूर्त नसलेल्या रात्री

लग्नाचे फोटो काढणाऱ्याची डायरी पंचांगावर चालते. मुहूर्त निघाले की तारखा भराभर भरतात, कृष्ण पक्ष उतरणीला लागला की कोऱ्या राहू लागतात, आणि अमावास्येला तर सहसा कुणी लग्न धरतच नाही. नाशिकमधल्या एका फोटोग्राफरच्या या कोऱ्या तारखा बरीच वर्षं अल्बमची पानं लावण्यात, हार्ड डिस्क रिकाम्या करण्यात आणि राहिलेली झोप काढण्यात जायच्या. हल्ली त्या तारखांना तो ट्रायपॉड गाडीत टाकून घोटीमार्गे भंडारदऱ्याकडे निघतो. चंद्र नसतो तेव्हा आकाशगंगा सगळ्यात ठळक दिसते, आणि नेमकं तेव्हाच त्याला कुणाचं बोलावणं नसतं. चातुर्मासात मुख्य मुहूर्त थांबतात, त्याच महिन्यांत सह्याद्रीवर ढग बसलेले असतात. म्हणजे सुट्टीसुद्धा दोन्ही कामांना एकदमच लागते.

लग्नाचं काम बाहेरून दिसतं त्यापेक्षा फार दमवणारं आहे. अंतरपाट खाली येतो, हार गळ्यात पडतात, अक्षता उडतात. या सगळ्याला मिळून काही सेकंद लागतात आणि ते पुन्हा घडत नाहीत. त्या सेकंदांत वधूच्या आईचा चेहरा एकीकडे, मामा दुसरीकडे, मध्ये कुणाचा तरी मोबाइल वर आलेला. उरलेला दिवस माणसं ओळीत उभी करण्यात जातो. ‘काका, थोडे आत या’, ‘मावशी, इकडे बघा’, ‘सगळे हसा’. बँडचा आवाज, हॉलमधला उकाडा, गळ्यात दोन कॅमेऱ्यांचं वजन. एका दिवसात काही हजार वेळा शटर दाबलं जातं. लग्नसराईत एकाला एक लागून ऑर्डरी आल्या की तो घरी जाऊन आडवा झाला तरी कान वाजत राहायचे आणि मिटल्या डोळ्यांपुढे फ्लॅश उडत राहायचे. काम आवडत होतं, पण त्या कामाला थांबणं ठाऊक नव्हतं.

एका प्री-वेडिंग शूटसाठी तो भंडारदरा धरणाच्या जलाशयाच्या, म्हणजे आर्थर लेकच्या काठाला मुक्कामी राहिला. जोडप्याला ताऱ्यांखालचा एक फोटो हवा होता. तो काढून झाला, दोघं तंबूत गेली, आणि त्याने कॅमेरा आवरायच्या ऐवजी तसाच दक्षिणेकडे वळवून ठेवला. या कामाची सुरुवात इतकीच.

रात्रीच्या आकाशाचं तंत्र त्याच्या हातातल्या तंत्राच्या बरोबर उलट निघालं. मंडपात तो सेकंदाच्या दोनशेव्या भागात फोटो घेतो. आकाशगंगेसाठी तोच कॅमेरा, तीच चोवीस मिलिमीटरवर ठेवलेली लेन्स, पण शटर वीस सेकंद उघडं. म्हणजे चार हजार पट वेळ. यापेक्षा जास्त ठेवता येत नाही, कारण पृथ्वी फिरत असते. आकाश तासाला पंधरा अंश सरकतं, आणि वीस-पंचवीस सेकंदांच्या पुढे ताऱ्यांचे ठिपके लांबून रेघा व्हायला लागतात. पाचशेला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागायचं, जे उत्तर येईल तितके सेकंद, असा रात्रीचं आकाश टिपणाऱ्यांत सर्रास वापरला जाणारा ठोकताळा आहे. ऑटोफोकस अंधारात चालत नाही. एखादा ठळक तारा स्क्रीनवर दहापट मोठा करून, तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग हाताने केसाएवढी फिरवायची आणि मग ती चिकटपट्टीने जखडून टाकायची. आयएसओ तीन हजारांच्या पुढे, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. त्यानंतर करण्यासारखं काही नसतं.

या ‘काही नसतं’मध्येच त्याचं खरं सुख आहे. इंटरव्हॅलोमीटर लावला की कॅमेरा आपणहून एकामागून एक फ्रेम घेत राहतो. एकाच चौकटीच्या सोळा फ्रेम घेऊन नंतर संगणकावर एकमेकींवर बसवल्या की चित्रातली रवाळ खरखर एक चतुर्थांश उरते. म्हणून सोळा तर सोळा, बत्तीस तर बत्तीस, तेवढा वेळ ट्रायपॉडला धक्का न लावता बसायचं. मोबाइल पाहायचा नाही. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ती सगळी कमाई जाते. टॉर्च लावायची तर लाल, तीही अगदी मंद. अर्ध्या तासाने आधी न दिसलेल्या गोष्टी दिसू लागतात: धरणाकाठच्या रतनवाडीतल्या अमृतेश्वर मंदिराच्या शिखराची कड, पाण्यावरचं तेज, आकाशगंगेच्या पट्ट्यातली मधली काळी फट. ज्या माणसाचा दिवस दुसऱ्यांना ‘इकडे बघा’ म्हणण्यात जातो, त्याला इथे कुणालाच काही सांगावं लागत नाही. आकाश आपल्या गतीने सरकतं. त्याला घाई करता येत नाही आणि थांबवताही येत नाही. हे एकदा हातांना पटलं की खांदे आपोआप खाली येतात. मनाच्या शांततेबद्दल पुष्कळ सांगितलं जातं, पण त्याच्या बाबतीत ती शरीरातून आली. आधी हात थांबले, मग श्वास संथ झाला, डोकं सगळ्यात शेवटी.

त्याच्या कामाशी या आकाशाचा आणखी एक जुना धागा आहे. लग्नात सप्तपदीनंतर गुरुजी वधूवरांना ध्रुव आणि अरुंधती दाखवतात. लग्न बहुतेक वेळा दिवसा असतं, त्यामुळे दोघं हॉलच्या छताकडे पाहतात. छताकडे पाहणाऱ्या जोडप्यांचे असंख्य फोटो त्याच्याकडे आहेत. एप्रिलमधल्या एका रात्री सप्तर्षी उत्तरेला उंच चढलेले असताना त्याने लग्नात वापरायची दोनशे मिलिमीटरची लेन्स सप्तर्षींच्या शेपटाकडे रोखली. वसिष्ठ आणि त्याला खेटून अरुंधती, दोन स्वच्छ वेगळे ठिपके. नजर चांगली असेल तर हे दोघं नुसत्या डोळ्यांनीही वेगळे दिसतात. ज्या विधीचा फोटो तो वर्षानुवर्षं काढत आला, त्या विधीत दाखवलं जातं ते त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढे वाचताना त्याला कळलं की वसिष्ठ-अरुंधतीचा फोटो १८५७ सालीच निघालेला आहे, आणि त्यात त्याच्याच पेशातल्या माणसाचा हात होता. बॉस्टनमध्ये जॉन व्हिपल नावाचा एक स्टुडिओवाला होता, लोकांच्या तसबिरी काढून पोट भरणारा. हार्वर्डच्या वेधशाळेतल्या मोठ्या दुर्बिणीला आपला कॅमेरा जोडून त्याने १८५० च्या जुलैमध्ये अभिजित ताऱ्याचं चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर उतरवलं. सूर्य सोडला तर कुठल्याही ताऱ्याचा हा पहिला फोटो. सात वर्षांनी, ओल्या कलोडियनच्या काचा हाताशी आल्यावर, जॉर्ज बाँड या खगोलशास्त्रज्ञाबरोबर त्याने वसिष्ठ-अरुंधतीची जोडी टिपली. ताऱ्यांच्या फोटोग्राफीचा पहिला धडा असा एका पोर्ट्रेट काढणाऱ्याने गिरवला.

मात्र नाशिकच्या फोटोग्राफरला धरून ठेवलं ते दुसऱ्या एका माणसाने. एडवर्ड एमर्सन बर्नार्ड, जन्म डिसेंबर १८५७, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल. जन्मापूर्वीच वडील गेलेले, यादवी युद्धाने गाव कंगाल झालेलं, शाळा जेमतेम दोन महिने. आपल्या बालपणाकडे वळून पाहतानाही अंगावर काटा येतो, असं त्याने मोठेपणी लिहिलं. नऊ वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा आईने त्याला एका फोटो स्टुडिओत कामाला लावलं. तिथे छपरावर फोटो मोठे करायचं एक अवाढव्य यंत्र होतं. त्यात विजेचा दिवा नव्हता, उजेड सूर्याचा. त्यामुळे यंत्राचं तोंड सतत सूर्याकडे राहावं म्हणून चाकं फिरवत एका मुलाला तासन्‌तास उभं राहावं लागायचं. आधीची पोरं उन्हात पेंगायची. हा पेंगला नाही. त्या यंत्राचं नाव होतं ज्युपिटर, म्हणजे गुरू. याच मुलाने पुढे १८९२ मध्ये गुरूचा पाचवा चंद्र शोधला. गॅलिलिओने चार शोधल्यानंतर पावणेतीनशेहून जास्त वर्षांनी.

लहानपणी उन्हाळ्याच्या रात्री तो एका जुन्या गाडीच्या साट्यात उताणा पडून आकाश बघायचा. डोक्यावर येणारा एक निळसर पांढरा तारा त्याच्या ओळखीचा झाला होता, नाव मात्र ठाऊक नव्हतं. कित्येक वर्षांनी कळलं की तो अभिजित. फोटोवाल्याच्या या नोकरीत बर्नार्डने सतरा-एक वर्षं काढली, पगारातून पैसे साठवून दुर्बीण घेतली, धूमकेतू शोधले, आणि एका धूमकेतूला दोनशे डॉलर या हिशोबाने मिळालेल्या बक्षिसांवर घर बांधलं. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत पोहोचला तेव्हा तिथे जगातली त्या वेळची सगळ्यात मोठी, छत्तीस इंची दुर्बीण होती. आकाशगंगेचे फोटो काढायला मात्र त्याने हाताशी घेतलं एका पोर्ट्रेट कॅमेऱ्याचं सहा इंची भिंग. माणसांचे चेहरे टिपण्यासाठी घडवलेलं ते भिंग भरपूर प्रकाश घ्यायचं आणि आकाशाचा मोठा तुकडा एका काचेवर आणायचं. १८८९ च्या उन्हाळ्यात त्याने त्यातून आकाशगंगेच्या दाट भागाची काच सुमारे तीन तास उघडी ठेवली, आणि आकाशगंगेतले ताऱ्यांचे ढग, त्यांमधल्या काळ्या वाटा पहिल्यांदा स्पष्ट उमटल्या.

तीन तास. आज ट्रॅकर नावाचं छोटं यंत्र कॅमेरा आकाशाबरोबर फिरवतं. बर्नार्डलाही घड्याळी यंत्रणा होती, पण तिच्या चुका सुधारायला माणूस लागायचा. जोडलेल्या दुर्बिणीला डोळा लावून एक तारा तारांच्या फुलीवर धरून ठेवायचा, तो जरा ढळला की हलक्या हाताने जागेवर आणायचा. पुढच्या काळात त्याचे काही एक्स्पोजर पाच-सहा तासांचेही होते, बर्फाळ रात्रींतले. छपरावर सूर्य धरून ठेवणारा मुलगा मोठा होऊन तेच काम रात्री करत होता. नाशिकच्या फोटोग्राफरला हे वाचताना जे जाणवलं ते तो कुणालाही सांगतो: या माणसाला शोध तर लागलेच, पण आयुष्य सावरलं ते त्या धरून ठेवण्याने. इतक्या हलाखीतून आलेल्या मुलाला एका ठिपक्यावर नजर स्थिर ठेवायचं काम मिळालं, आणि तो ठिपका कधी दगा देत नव्हता.

बर्नार्डला आकाशगंगेतल्या काळ्या जागांनी आयुष्यभर छळलं. त्या ताऱ्यांमधल्या रिकाम्या भोकांसारख्या दिसायच्या आणि बराच काळ तोही तसंच समजत होता. १९१३ च्या उन्हाळ्यात, एका नितळ, बिनचंद्राच्या रात्री तो धनू राशीतल्या तारामेघांचे फोटो घेत असताना ढगांचे छोटे-छोटे पुंजके आकाशगंगेवरून सरकत गेले. ते शाईच्या डागांसारखे काळे दिसत होते, अगदी त्याच्या काचांवरच्या काळ्या जागांसारखे. मग त्या जागाही भोकं नसतील, मागचा उजेड अडवणारं काहीतरी पुढे असेल, हा विचार त्या रात्रीने बळकट केला. आज आपण त्यांना धूळ आणि वायूचे मेघ म्हणतो. त्यांच्यातच नवे तारे जन्मतात. बर्नार्डच्या यादीत अशा साडेतीनशेच्या आसपास काळ्या वस्तू आहेत आणि आजही त्या त्याच्या नावाच्या क्रमांकांनी ओळखल्या जातात.

ढग आकाशावर काळा दिसतो ही गोष्ट रतनवाडीला कुणीही स्वतः पडताळून पाहू शकतो, आणि तिने नाशिकच्या फोटोग्राफरची ढगांकडे बघायची नजरच बदलली. मे महिन्यात, पाऊस जवळ आला की संध्याकाळी ढगांचे तुकडे येतात. नाशिकमधून रात्री पाहिलं तर असा ढग नारिंगी-पांढरा दिसतो, कारण खालून शहराचा उजेड त्याच्यावर पडतो. तोच ढग रतनवाडीत काळा असतो, आकाशापेक्षा काळा. शहरात वाढलेल्या माणसाला रात्रीचा ढग उजळ असतो असंच वाटत आलेलं असतं. खऱ्या अंधारात कळतं की उजळ आकाश असतं, ढग तर फक्त ते झाकतो. आकाश किती अंधारं आहे हे मोजायची उपकरणं मिळतात, बॉर्टलची नऊ पायऱ्यांची पट्टीही आहे. तो मात्र आधी ढगाचा रंग बघतो. त्याच भंडारदऱ्यात पश्चिमेच्या क्षितिजावर मुंबई-ठाण्याचा पिवळट फुगा असतो, उत्तरेला नाशिकचा. तिकडचे ढग उजळच दिसतात. काळे दिसतात ते डोक्यावरचे आणि दक्षिणेचे.

सुदैव असं की आपल्याला हवी ती दिशाही तीच आहे. आकाशगंगेचा मध्य धनू राशीत, वृश्चिकाच्या नांगीजवळ, म्हणजे मूळ नक्षत्राच्या शेजारी आहे. सुमारे सव्वीस हजार प्रकाशवर्षं दूर. उत्तरेकडच्या देशांतून तो क्षितिजाला घासत जातो. बर्नार्डची पुढची नोकरी यर्किस वेधशाळेतली, विस्कॉन्सिनमधली. तिथून हा भाग क्षितिजावर जेमतेम अठरा अंश चढतो. म्हणून १९०५ साली त्याने आपला दहा इंची ब्रूस कॅमेरा कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर नेला आणि कित्येक महिने तिथे काढले. तिथून तो सत्तावीस अंशांवर येतो. भंडारदऱ्यातून तो एक्केचाळीस अंशांवर येतो. मार्चमध्ये त्यासाठी पहाटे दोननंतर उठावं लागतं, मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास तो आग्नेयेला वर येतो आणि अडीच-तीनला दक्षिणेला उभा असतो. बर्नार्डने ज्यासाठी यंत्रासकट अर्धा देश ओलांडला, ते महाराष्ट्रातल्या माणसाला दोन तासांच्या गाडीप्रवासावर मिळतं, याचं त्या फोटोग्राफरला दर खेपेला नवल वाटतं. ज्या मूळ नक्षत्राचं नाव ऐकून बाळाच्या घरात चिंता पसरते, त्याच्या परिसरात आकाशातला सगळ्यात भरलेला तुकडा आहे, हेही तो बारशाच्या ऑर्डरीला गेला की आवर्जून सांगतो.

उत्तरेचं गणित मात्र आपल्याला अवघड जातं. ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून अवघा एकोणीस-वीस अंश वर. सह्याद्रीच्या कुशीत उभं राहिलं तर तेवढी उंची एखादा कडा सहज खातो. मग जागा बदलायची. धरणाच्या पाण्याजवळ मध्यरात्रीनंतर दव पडतं आणि लेन्सच्या काचेवर वाफ धरते. त्यासाठी लेन्सभोवती गुंडाळायचा, पॉवर बँकेवर चालणारा गरम पट्टा मिळतो. थंडीत मृग नक्षत्र आणि कृत्तिका असतात. मृगाभोवतीचा एक फिकट लाल अर्धवर्तुळाकार मेघ बर्नार्डच्याच नावाने ओळखला जातो, तोही त्याने अशाच लहान भिंगाच्या कॅमेऱ्यातून टिपला होता.

अल्बम हा या फोटोग्राफरचा रोजीरोटीचा विषय, त्यामुळे बर्नार्डच्या अल्बमची कथा त्याला विशेष जवळची. माउंट विल्सनहून आणलेल्या काचांचा संग्रह ग्रंथरूपाने काढायचा तर छापखान्यातली शाई त्या काळ्या-करड्या छटा पेलणार नाही, असं बर्नार्डचं ठाम मत होतं. म्हणून प्रत्येक प्रतीत खरे फोटो चिकटवायचे ठरलं. प्रती सातशे. पस्तीस हजारांच्या वर प्रिंट निघाले आणि प्रत्येक त्याने स्वतः तपासला. मनास न आलेले बाद केले. ग्रंथ बाहेर पडायच्या आधी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, तो गेला. वेधशाळेचे संचालक एडविन फ्रॉस्ट आणि बर्नार्डची भाची मेरी कॅल्व्हर्ट यांनी काम तडीस नेलं आणि १९२७ साली आकाशगंगेचा तो चित्रसंग्रह निघाला. लग्नाच्या अल्बममध्ये एखादी छटा बिघडली की ‘गिऱ्हाईकाला काय कळतंय’ म्हणून पुढे ढकलायची सवय या धंद्यात आहे. त्याने ती सोडली. त्वचेचा रंग मनासारखा उतरेपर्यंत तो पान लॅबला पाठवत नाही.

मंडपातही फरक पडला. सप्तपदीच्या वेळी त्याने फ्लॅश बंद केला. होमाच्या उजेडात काम होतं, फक्त हात स्थिर हवा आणि योग्य क्षणाची वाट पाहायची तयारी हवी. तो कमी फोटो काढतो. असिस्टंटला सांगतो, आधी पाच मिनिटं नुसतं बघ, उजेड कुठून येतोय ते शोध, मग कॅमेरा वर कर. घाई करणाऱ्या नातेवाइकांवर तो पूर्वी वैतागायचा, आता ते होऊ देतो.

या वाटेवर महाराष्ट्रात तो एकटा नाही. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेने १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवलं आहे, मुंबईच्या खगोल मंडळामुळे वांगणीच्या माळावर रात्र काढलेली पिढ्यान्‌पिढ्यांची मुलं आहेत. वांगणीचं आकाश आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, वाढत्या वस्तीचा उजेड तिथवर पोहोचला. उलट नागपूर जिल्ह्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले गेले. दिव्याचं तोंड खाली वळवलं, एवढंच. ही बातमी कात्रण करून त्याने भंडारदऱ्याला नेली.

तिथे पाण्याच्या काठाने तंबूंच्या छावण्या आहेत आणि प्रत्येक छावणीत बल्बांच्या माळा. ज्या मामांच्या जागेत तो कॅमेरा लावतो, त्यांना त्याने एकाच जागेवरून काढलेले दोन फोटो दाखवले: माळा लागलेल्या असतानाचा आणि वीज गेलेली असतानाचा. मामांनी बराच वेळ पाहिले. “दादा, पण पोरंबाळं घेऊन लोक येतात. रात्री संडासाला जायचं तर उजेड नको का?” प्रश्न खरा होता. दोघांनी मिळून तोडगा काढला. पायवाटेवर गुडघ्याएवढ्या उंचीचे पिवळे, कमी वॅटचे बल्ब, वर पत्र्याची टोपी, आणि अकरानंतर माळा बंद. टोप्या मामांनी राजूरहून तेलाचे डबे आणून स्वतः कापल्या. आता पाहुणेच विचारतात की अकरा कधी वाजणार. शेजारच्या छावणीच्या फाटकावरचा फ्लडलाइट मात्र अजून रात्रभर जळतो. त्या मालकाशी बोलायला पुढच्या खेपेला मामाच बरोबर येणार आहेत, दोन टोप्या जास्तीच्या कापून ठेवल्यात म्हणाले.